ठकी: सात फरश्यांपासून एका फरशीपर्यंत

ठकी ही आमची कुत्री. आमच्याकडे आली ती डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, टेम्पोतनं, भाजीच्या प्लास्टिक क्रेटवर दुसरा क्रेट पालथा बांधून. वय अंदाजे नऊ महिने, वजन १३ किलो, रंग तांबूस, पोटाखाली पांढरी, नसबंदी झालेली म्हणून एका कानाला काप. टेम्पोवाल्यानं क्रेट हॉलमध्ये ठेवून दोरी सोडली आणि ती भिंतीला पाठ लावून कोपऱ्यात जी बसली ती बसलीच. डोळे सोडून काही हलत नव्हतं. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, लांबूनच बघितलं नि म्हणाल्या, "अगं, ही तर ठकीसारखी बसलीया." ठकी म्हणजे लाकडी बाहुली. नाव तेच राहिलं.

हे सगळं सविस्तर लिहितेय कारण अशी माणसांना घाबरणारी कुत्री लोक मोठ्या मनानं घरी आणतात आणि पंधरा-वीस दिवसांत परत नेऊन देतात. माझ्या ओळखीतच असं दोनदा झालं. परत गेलेल्या कुत्र्यावर मग "हे सुधारत नाही" असा शिक्का बसतो आणि त्याला पुन्हा कोणी विचारत नाही. मी पहिल्या दिवसापासून एक दोनशे पानी वही ठेवली होती, त्यातलंच हे आहे, चुकांसकट.

घर आमचं सांगलीत हरिपूर रोडच्या बाजूला, जुनं, बैठं, हॉलमध्ये शहाबादी फरशी, एक फरशी दोन फुटांची. ही फरशीच आमची मोजपट्टी झाली. ठकी कोपऱ्यात असताना आपण किती फरश्यांवर बसलो तर ती खाते, एवढंच वहीत रोज लिहायचं. प्रेम वाढलं का, विश्वास बसला का, हे मोजता येत नाही, फरश्या मोजता येतात.

आधी तिची हिस्टरी, कळली तेवढी. कुपवाड एमआयडीसीत एका बंद पडलेल्या शेडमध्ये तिच्या आईनं पिल्लं घातली. शटर खाली, मागचा पत्रा उचकटलेला, त्यातनं कुत्री ये-जा करायची, पण माणसानं आत जायचं काही कारणच नव्हतं. पिल्लं बाहेर दिसायला लागली तोवर चार महिन्यांची झाली होती. पाचातली तीन गाड्यांखाली गेली. उरलेल्या दोघींना एका ताईंनी पकडून आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं, तिथं आधीच बारा-चौदा कुत्री आणि बघणाऱ्या ताई एकट्या. खाणं वेळेवर, रेबीजची लस वेळेवर, नाइन-इन-वन ही एकत्रित लसही वेळेवर, पण एकेकीजवळ बसायला वेळ त्यांनी कुठनं आणायचा. त्यांना मी अजिबात दोष देत नाही, त्या नसत्या तर ठकीच नसती.

घरी बघायला येणारा प्रत्येकजण एकच वाक्य बोलायचा, "कुणीतरी लई मारलंय हिला." कुणीच मारलं नव्हतं. तिला माणूस हा प्राणीच माहीत नव्हता. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं झाल्यापासून बारा-चौदा आठवड्यांचं होईपर्यंत जे बघतं, हुंगतं, ज्याच्या अंगावर खेळतं ते सगळं त्याच्या मनात "आपल्यातलं" म्हणून बसतं, त्यानंतर जे नवीन भेटेल त्याची आधी भीतीच वाटते. अमेरिकेत मेन राज्यात बार हार्बरच्या लॅबमध्ये फ्रीडमन, किंग आणि एलियट यांनी केलेला एक प्रयोग १९६१ साली छापून आला होता. पिल्लं आईसोबत उंच कुंपणाच्या मैदानात वाढवली, काहींना ठरावीक वयात एकेक आठवडा माणसांसोबत खेळायला आत आणलं, आणि काहींना चौदा आठवड्यांपर्यंत माणूस भेटूच दिला नाही. ही शेवटची पिल्लं रानातल्या जनावरासारखी माणसापासून पळत राहिली. ठकीचे ते आठवडे बंद शटरच्या आत गेले, म्हणजे नकळत तोच प्रयोग तिच्यावर झाला. हे एकदा डोक्यात बसलं की आपण "एवढं करतोय तरी जवळ येत नाही" असा राग धरत नाही, निदान माझा तरी गेला.

पहिले अकरा दिवस तिनं आमच्यासमोर एक घास खाल्ला नाही. रात्री एक ते चारच्या मधे वाटी रिकामी व्हायची. शू-शी सुद्धा वीस-वीस तास धरून ठेवायची आणि मग पहाटे मोरीजवळ करायची, आम्ही गुपचूप पुसून घ्यायचो. बाराव्या दिवशी मी सात फरश्यांवर पाठ करून बसले होते आणि मागून वाटीचा खळ्ळ असा आवाज आला. वळून बघायची इतकी इच्छा झाली, पण वळले नाही. वहीत लिहिलं: दिवस १२, फरश्या ७, समोर पहिला घास.

आणि मग आमची मोठी चूक झाली. एका ओळखीच्यांनी एक ट्रेनर पाठवला. त्यानं बघितलं आणि म्हणाला, शांत आहे की कुत्री, पट्टा घाला आणि बाहेर न्या, दोन दिवस फरफटेल, तिसऱ्या दिवशी चालायला लागेल. ती शांत नव्हती, ती गोठलेली होती. ओठ सारखे चाटत होती, झोप नसताना जांभया देत होती, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसत होता, शेपूट पोटाला चिकटलेलं. हे सगळं मला तेव्हा वाचता येत नव्हतं. आम्हाला घाई होती, आणि तो अनुभवी माणूस वाटला.

अठराव्या दिवशी नवऱ्यानं तिला गेटबाहेर नेलं. नेलं म्हणजे काय, उचलूनच ठेवलं. उसाचा सीझन, आणि नेमका त्याच वेळी दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर गाणी लावून आला, छाती धडधडेल एवढा आवाज. ठकीनं मागं जोर लावला, मान खाली घातली, कान चपटे केले आणि पट्टा नवऱ्याच्या हातात लोंबकळत राहिला. ती नदीच्या बाजूला शेतात गेली. आम्ही हाका मारत मागं पळालो, ही दुसरी चूक, कारण तिला ते नाव अजून कळतही नव्हतं आणि मागं पळणारा माणूस म्हणजे तिच्यासाठी शिकारीच.

फोस्टरवाल्या ताईंना, म्हणजे तिला आधी शेडमध्ये सांभाळणाऱ्या ताईंना, फोन केला. त्या म्हणाल्या, शोधायला जाऊ नका, गर्दी जमवू नका, हाका मारू नका, तिला वासावर परत येऊ द्या. गेटच्या आत तिची गोधडी टाका, न धुता, तिच्याजवळ उकडलेलं लिव्हर ठेवा, गेट उघडं ठेवा, दिवे बंद. गेटला नायलॉनची दोरी बांधून मी तिचं टोक खिडकीतनं आत घेतलं. पहिली रात्र काहीच नाही. दुसऱ्या रात्री लिव्हर संपलं पण खाणारा आमच्या गल्लीतला म्हातारा कुत्रा काळ्या होता. तिसऱ्या रात्री पावणेतीनला मला पावलांचा आवाज नाही, वास आला, ओल्या मातीचा आणि शेणखताचा. ती गोधडीवर उभी होती, एक पाय वर उचललेला. मग बसली. मग हनुवटी गोधडीवर टेकवली. मी लगेच दोरी ओढली नाही, तिचा श्वास मोठा होईपर्यंत थांबले, मग वीतभर, थांबले, परत वीतभर, असं गेट लावायला वीसेक मिनिटं लागली असतील. हाताला दोरीचा वळ उठला होता.

त्यानंतर चार दिवस आम्ही काहीच केलं नाही. घाबरलेल्या शरीराला खाली यायला वेळ लागतो, एका भीतीवर दुसरी चढत गेली की मग साधं भांडं पडलं तरी जनावर कोलमडतं. वाटी ठेवायची, पाणी बदलायचं, निघून जायचं. वहीत त्या दिवसांसमोर फरश्यांचा आकडाच नाही, कारण समोर खाणं पुन्हा बंद झालं होतं.

मग नव्यानं सुरुवात केली, ती वाचून, विचारून आणि घरी येणाऱ्या पशुवैद्यांशी बोलून. दोन गोष्टींनी सगळ्यात जास्त फरक पडला.

पहिली, खाऊ आपल्याकडे नाही, तिच्या मागं फेकायचा. आपण सगळे उलटं करतो, खाऊ हातात धरून "ये ये" करतो. तेव्हा कुत्र्याला भूक पुढं ओढते आणि भीती मागं ओढते, ते कसंबसं मान ताणून घास घेतं, आणि घास संपला की त्याला अचानक कळतं की आपण माणसाच्या तोंडाशी आलोय. चावतात ती इथंच. मागं फेकलं की ते लांब जातं, सुटल्यासारखं वाटतं, खातं, आणि मग स्वतःहून वळून बघतं, अजून आहे का. ते वळून परत येणं त्याचं स्वतःचं असतं. ठकीला हे कळायला दोन दिवस लागले. चाळिसाव्या दिवशी ५ फरश्या, सहासष्टाव्या दिवशी २.

दुसरी गोष्ट क्रमाची. नवरा बिचारा मनापासून करत होता, स्टीलच्या डब्यात लिव्हरचे तुकडे घेऊन यायचा, तुकडा द्यायचा आणि मग पट्टा दाखवायचा, तिला सवय व्हावी म्हणून. आठवड्याभरात अशी वेळ आली की डब्याचं झाकण वाजलं की ठकी कोपऱ्यात. पावलॉव्हच्या कुत्र्यांचं आपण शाळेत वाचलेलं असतं, पण त्यातला क्रम विसरतो: आधी खूण, मग अन्न. आमच्याकडे आधी अन्न आणि मग भीतीची वस्तू, म्हणजे लिव्हरच धोक्याची घंटा झालं होतं. डबा बदलला, प्लास्टिकची बरणी घेतली, आणि क्रम पक्का केला. आधी पट्टा दिसणार, एक सेकंद थांबायचं, मग लिव्हर. पट्टा गेला की लिव्हर बंद. गेटच्या कडीचंही तसंच, आधी कडी वाजणार, मग तुकडा. महिन्याभरात कडी वाजली की ती दाराकडे नाही, माझ्याकडे बघायला लागली.

पण तिला पहिल्यांदा हात लागला तो आमच्यापैकी कुणाचा नाही. आईंना घरात कुत्रं नकोच होतं, त्यांनी तसं स्पष्ट सांगितलंही होतं, आणि त्या तिच्याकडे ढुंकून बघायच्या नाहीत. संध्याकाळी सातला दिवा लावायचा, पाटावर बसायचं, पोथी काढायची आणि एका सुरात वाचायची, रोज तीच जागा, तीच वेळ, तोच आवाज. आम्ही तिघं "आज काय प्रगती" म्हणून चोरून बघत बसायचो, आणि घाबरलेल्या कुत्र्याला नजर सगळ्यात जड जाते. आईंच्यात नजर नव्हती, हात पुढं येणं नव्हतं, वाकणं नव्हतं, अपेक्षा नव्हती. ठकी रोज पोथीच्या वेळी अर्धी अर्धी फरशी सरकत गेली. एक्याऐंशीव्या दिवशी तिनं आईंच्या पावलाला नाक लावलं, ओलं. आई वाचायच्या थांबल्या नाहीत. अध्याय संपल्यावर पोथी गुंडाळली आणि मला हळूच म्हणाल्या, "थंडगार नाक हाय गं तिचं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि माझ्याही. दुसऱ्या दिवसापासून आईंच्या पाटाशेजारी गोधडी आली, त्यांनीच टाकली.

हात लावायचा नियम मग आम्ही घरात सगळ्यांना लावला, पोरालाही, तो अकरा वर्षांचा आहे. डोक्यावरून हात नाही, छातीला किंवा हनुवटीखाली, तीन सेकंद, मग हात काढून घ्यायचा आणि थांबायचं. ती सरकून जवळ आली तर परत, तोंड फिरवलं किंवा नुसती तशीच राहिली तर नाही. "तशीच राहिली" म्हणजे हो नव्हे, हे पोराला आमच्यापेक्षा लवकर कळलं.

तरी एकदा चावली. मार्चमध्ये नात्यातले एक काका आले, मी सांगूनही ते तिच्यावर वाकले, ती आधी गुरगुरली, त्यांनी हसून हात आणखी पुढं केला, मी मधे हात घातला आणि माझ्या मनगटाला दात घासला. रक्त नव्हतं, ओरखडा होता. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतलं आणि सरकारी दवाखान्यात इंजेक्शनं सुरू केली, शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीसाव्या दिवसाची. तिला लस दिलेली होती तरी मी कोर्स पूर्ण केला, रेबीजच्या बाबतीत कुणीच अंदाजावर राहू नये. तिला मात्र कुणी रागावलं नाही. गुरगुरणं हे तिचं तोंडी सांगणं आहे, ते मारून बंद केलं तर पुढच्या वेळी न सांगता चावेल. त्यानंतर पाहुणे आले की ती मागच्या खोलीत, दार बंद, चघळायला हाड, आणि पाहुण्यांना "तिला बघायचंय" म्हटलं तरी नाही म्हणजे नाही.

हार्नेसचं, म्हणजे गळ्याऐवजी अंगाभोवती बांधायच्या पट्ट्यांचं, थोडक्यात सांगते. भित्रं कुत्रं मागं जोर लावून साध्या हार्नेसमधूनही निसटतं, म्हणून बरगड्यांच्या मागं, कंबरेच्या बारीक भागाशी तिसरा पट्टा लागतो. बॅगा शिवणाऱ्या एका कारागिराकडून तो जोडून घेतला. आधी नुसता वाटीशेजारी पडलेला, मग त्यात तोंड घातलं की लिव्हर, मग एक बकल, असं करत एकशे बाराव्या दिवशी पूर्ण चढला. बाहेर जाताना गळपट्ट्याला एक दोरी, हार्नेसला दुसरी, आजही दोन्ही. आणि बाहेरचे धडे तिला काळ्यानं दिले. तिला माणसांची भीती होती, कुत्र्यांची अजिबात नव्हती. पहाटे सव्वापाचला तो पुढं आणि ती त्याच्या मागं, तो दूधवाल्याच्या सायकलला बाजू द्यायचा आणि शेपूट हलवायचा, ती ते बघायची. मी तिला सहा महिने समजावून जे कळलं नसतं ते त्या म्हाताऱ्यानं दोन आठवड्यांत दाखवलं.

क्रेटचं, म्हणजे कुत्र्याला न्यायच्या दाराच्या पेटीचं, काम आम्ही एप्रिलपासून हातात घेतलं, आणि त्याला कारण होतं पावसाळा. आमच्याकडे २०१९ च्या ऑगस्टचा महापूर कुणी विसरलेलं नाही. धोक्याची पातळी ४५ फूट, आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमच्या हॉलमध्ये कुठवर पाणी होतं ती रेघ भिंतीवर अजून दिसते. तेव्हा बोटीतनं निघताना समोरच्या पत्र्यावर एक कुत्रं बसलेलं मी बघितलं होतं, बोट जवळ आली की ते मागं मागं सरकायचं, माणसांना घाबरून, आणि शेवटी बोट पुढं गेली. २०२१ ला परत तीच धावपळ. त्यामुळे मला ठकीचं बसणं-उठणं, हात देणं काही नको होतं, मला एकच गोष्ट हवी होती: "घर" म्हटलं की एका मिनिटाच्या आत तिनं क्रेटमध्ये जावं.

मोठा क्रेट आणला, वरचं झाकण आणि दार दोन्ही काढून टाकलं, नुसतं तसराळं राहिलं. त्यात दोन्ही वेळचं जेवण. पंधरा दिवसांनी झाकण बसवलं. मग दार, पण उघडं बांधून. मग खाताना लावायचं आणि घास संपायच्या आत उघडायचं, ती दाराकडे बघायच्या आधी. मग दार लावून क्रेट दोन बोटं उचलायचा आणि ठेवायचा. मग चार पावलं. मग रिक्षाच्या मागच्या सीटवर, रिक्षा बंद. ओळखीच्या रिक्षावाल्या मामांनी हे वीसेक वेळा करू दिलं, एक पैसा घेतला नाही, वर म्हणायचे, "ताई, आज चालू करून बघायची का?" पशुवैद्यांनी भीती कमी व्हावी म्हणून प्रवासाच्या दोन तास आधी द्यायची गोळी वजनावरून ठरवून दिली होती, गॅबापेंटिनची. ती आधी एकदा घरीच देऊन बघायला सांगितलं, किती झोप येते ते कळावं म्हणून. ही औषधं आपल्या मनानं किंवा माणसाच्या पट्टीतनं काढून देऊ नयेत, माणसांच्या काही सिरपमध्ये कुत्र्याला विषारी असलेलं झायलिटॉल असतं.

जुलैच्या शेवटी धरणातनं पाणी सोडल्याच्या बातम्या सुरू झाल्या आणि आम्ही वाट न बघता दुपारीच निघालो, विश्रामबागला नणंदेच्या फ्लॅटवर. गोळी दिली, दोन तासांनी "घर" म्हटलं. नवऱ्यानं मोबाईलवर टायमर लावला होता, बावीस सेकंद. मामांची रिक्षा, पाऊस, हॉर्न, लिफ्ट. ती थरथरत होती, पण गोधडीवर होती, आणि क्रेटच्या जाळीला आईंचा पदर लागलेला होता. नणंदेकडे तिनं क्रेट सोडला नाही. संध्याकाळी सातला आईंनी तिथंच चटई टाकून पोथी उघडली. ठकी बाहेर आली, नवीन गुळगुळीत फरशीवर पाय घसरत होते तरी आली, आणि आईंपासून एका फरशीवर येऊन बसली. पाणी यावेळी आमच्या गल्लीत आलं नाही, दोन रात्रींनी परत आलो.

आज चौदा महिने झाले. घरातले आम्ही चौघं, फोस्टरवाल्या ताई आणि मामा, एवढ्या सहा माणसांसोबत ती मोकळी आहे. पोराच्या दप्तरावर डोकं ठेवून झोपते. दिवाळीत बंद खोली, कूलरचा आवाज आणि आईंची मांडी, त्यात निभावलं. कुणी सांगितलं होतं की घाबरल्यावर जवळ घेतलं तर भीती वाढते, तसं होत नाही, भीती ही काही तिनं मुद्दाम केलेली गोष्ट नाही की बक्षीस मिळालं म्हणून वाढेल. अनोळखी माणूस आला की ती आजही स्वतः उठून मागच्या खोलीत जाते. मार्केटमध्ये, गणपतीच्या मिरवणुकीत, लग्नात तिला मी कधीच नेणार नाही. ज्यांना सगळ्यांच्या अंगावर उड्या मारणारं कुत्रं हवंय त्यांनी असं कुत्रं घेताना हे आधीच मान्य करावं, नंतर नाही.

नखांचं मात्र अजून बाकी आहे. नेलकटर दिसलं तरी पाय ओढून घेते, आणि धरून कापायचं नाही असं ठरवलंय. सध्या एका फळीवर खरखरीत सँडपेपर चिकटवलाय, तिनं पुढचा पाय त्यावर ओढला की लिव्हर. उजव्या पायाची नखं बरीच झिजलीत. डावा पाय ती अजून उचलत नाही, त्यावर काम चालू आहे.